मास्तरांचा खोकला

आसाराम मास्तर आपल्या सख्ख्या धाकट्या भावाशी नऊ वर्षांत एक शब्द बोलले नव्हते, आणि आता तोच भाऊ, गहिनीनाथ, त्यांच्यासमोर सतरंजीवर मांडी घालून बसला होता.

गावच्या ख्रिस्ती देवळात दरसाल विश्वासाचा वर्ग भरे. आठ रविवार, दुपारी तासभर. देव कोण, पाप म्हणजे काय, प्रार्थना कशी करायची, एवढं पाठ झालं की नगरहून पाळकसाहेब येत आणि परीक्षा घेत. पास होईल त्याला प्रभुभोजनाला, म्हणजे देवळातल्या पवित्र पंगतीला, बसता येई. वर्ग मास्तरांकडे असे. एरवी ते शाळेत शिकवत, त्यामुळे देवाच्या दयेबद्दलही ते छडी हातात असल्यासारखे बोलत.

भांडण सामाईक विहिरीचं. मास्तरांची बायको भागीरथी नगरच्या दवाखान्यात आठ दिवस पडून होती, तेव्हा गहिनीनाथने त्यांच्या पाळीचं पाणी आपल्या उसाला फिरवलं. मास्तर परतले तर कांदा वाळून गेलेला. गावाला वाटे, मास्तर कांद्यासाठी रुसले. कांदा गेला खड्ड्यात. आठ दिवसांत भाऊ एकदाही दवाखान्यात डोकावला नाही, हे त्यांच्या जिव्हारी लागलं होतं. यंदा त्र्याहत्तरच्या दुष्काळात ती विहीरही खडखडीत आटली, पण अबोला काही आटला नाही. दोघांच्या बायका मात्र रोज बांधावर बोलत. त्यांना अबोला धरायला सवड नव्हती.

आता शिकवायचं तर बोलणं आलंच. मास्तरांनी तोड काढली. गहिनीनाथच्या शेजारी राहीबाई बसे.

"राहीबाई, त्यांना सांगा, देवाने सृष्टी सहा दिवसांत केली."

राहीबाई वीतभर मान वळवी. "गहिनीनाथ, मास्तर म्हंत्यात, सा दिवसांत."

"मास्तरला इचारा, सातव्या दिवशी काय केलं?"

प्रत्येक धडा असा एकदा कानातून, एकदा तोंडातून गेल्यामुळे राहीबाई वर्गात सगळ्यांत हुशार निघाली, यात नवल नाही.

सहाव्या रविवारी प्रभूची प्रार्थना आली. तिच्यात रोजची भाकर मागून झाली की लगेच एक जागा आहे. आम्ही दुसऱ्यांना क्षमा केली, तशी देवा, तू आम्हाला कर, अशा अर्थाची. मास्तरांनी नऊ वर्षं ती ओळ म्हटली नव्हती. देवासमोर उभं राहून खोटं कसं बोलणार? ती आली की ते घसा खाकरून, ओळ सरेपर्यंत खोकत. देवळात बाकीची मंडळी म्हणत, म्हणून निभून जाई. दरसालच्या वर्गात पुस्तकातून वाचणारे असत; यंदाचे सहाही जण मात्र निरक्षर, मास्तरांच्या मागून म्हणत शिकणारे. मास्तर स्वतःच खोकत असल्याने समोर काय चाललंय ते त्यांना ऐकू आलं नाही.

परीक्षेला राहीबाई पहिली उठली. भाकरीची ओळ झाली, आणि तिने पदर तोंडाला लावून चांगलं लांबलचक खोकून घेतलं. मग पुढची ओळ धरली. पाळकसाहेबांनी तिला पाणी द्यायला सांगितलं. मग तिच्या मागे बसलेला कारभारी उठला. तोही नेमका तिथेच खोकला. तिसरा, चौथा, पाचवा, सगळे तिथेच.

"गावात साथ आहे का?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"न्हाई साहेब," राहीबाई म्हणाली. "हितं खोकायचं असतं. मास्तरांनीच शिकिवलंय."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं मास्तरांना झालं. वीस वर्षांच्या नोकरीत त्यांचं शिकवणं कुणी इतकं मन लावून घेतलं नव्हतं.

शेवटी गहिनीनाथ उठला. भाकरीपर्यंत आला आणि थांबला. खोकला नाही.

"पुढचं येत नाही?"

"येतं साहेब. आयनं शिकिवलंय. पन ज्याचा अपराध केला, त्यानं माफ केल्याबिगर जीभ वळत न्हाई."

"ओळ म्हटली नाहीत तर पास करता येणार नाही. मग वर्गाला आलात कशाला?"

"दुसरीकडं कुटं गाठू त्येंला? मला बघितलं की वाट बदलत्यात. हितं आठ रविवार माझ्याम्होरं बसावंच लागलं." तो सतरंजीकडे बघत राहिला. "वयनी नगरला पडली हुती. म्या जायला पायजे हुतं. त्येंचं पानी फिरवून बसल्तो, कुटल्या तोंडानं जानार?"

मास्तरांच्या घशात खोकला दाटून आला. या वेळी तो खरा होता. त्यांनी तो गिळला, आणि शाळेतली भाषा सोडून घरातली तोंडात आली.

"म्हन, गहिनी. म्या बी म्हनतो संगं."

राहीबाईने सवयीने मान वळवली. "गहिनीनाथ, मास्तर म्हंत्यात, म्हन. ते बी म्हनत्यात संगं."

"ऐकलं, दादा," गहिनीनाथ म्हणाला.

दोघांनी पहिल्यापासून सुरुवात केली. ती ओळ आली, तेव्हा बाकीच्या पाचही जणांनी शिकवल्याप्रमाणे नीट खोकून घेतलं. दोघे भाऊ मात्र खोकले नाहीत.