रोज अकराला बंद पडणारा लॅपटॉप

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. माझ्या एका कोपऱ्याला पोचा आला आहे आणि काही कळांवरची अक्षरे पुसून गेली आहेत. कारखान्याचे मला फारसे आठवत नाही. पोटात शेवटचा स्क्रू पिळणारी थंड बोटे तेवढी आठवतात, आणि नंतर खोक्यातला अंधार. खोके उघडले तेव्हा माझ्यासारखे चाळीस जण एका लांब टेबलावर ओळीने मांडलेले होते. माझ्या पाठीवर चिठ्ठी चिकटली : सव्वीस.

घरोघरी जाऊन आजाऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या सिस्टरांबरोबर फिरायचे, हे आमचे काम. मी ज्यांच्या वाट्याला आलो, त्यांचा भाग सगळ्यात दूरचा होता, म्हणून सगळे त्यांना लांबच्या सिस्टर म्हणत. त्या मला टॉवेलात गुंडाळून पिशवीत ठेवत आणि सकाळी घरूनच परस्पर कामाला निघत. कार्यालयात येणे फक्त शुक्रवारी दुपारी. कोणाची साखर किती, कोणाला कोणते औषध, कोणाची जखम किती भरली, सारे माझ्यात लिहिलेले असे. "सव्वीस नंबर कधी दगा देत नाही," असे त्या म्हणायच्या. मला शरीर असते तर मूठभर मांस चढले असते!

तिसऱ्या वर्षी आम्हा सगळ्यांमध्ये जुन्याच्या जागी व्हायरसपासून राखण करणारा एक नवा प्रोग्रॅम घातला गेला, आणि माझे दिवस फिरले. रोज अकरा वाजले की मी गोठायचो, पडदा निळा व्हायचा आणि मी बंद. सिस्टरांनी नुकतेच लिहिलेले सगळे पुसले जायचे.

एकदा त्या पायाला जखम झालेल्या एका म्हाताऱ्या शिंप्याकडे होत्या. डॉक्टरांनी फोनवर इन्सुलिन कमी करायला सांगितले. सिस्टरांनी नवा आकडा लिहिला आणि मी मान टाकली. घरी जाऊन त्यांनी तो पुन्हा भरला, पण तो कार्यालयात उशिरा पोहोचला. दुसऱ्या दिवशी बदली आलेल्या सिस्टर जुन्याच आकड्याची सुई भरू लागल्या. शिंप्याच्या बायकोने त्यांचा हात धरला.

"थांबा बाई! काल आकडा बदललाय. डॉक्टरांचा फोन आला तेव्हा मी इथंच उभी होते."

त्यामुळे निभावले. पण मुख्य बाईंनी लांबच्या सिस्टरांना ताकीदपत्र दिले. "इतरांचे चालतात, तुमचाच कसा बंद पडतो? पुन्हा असं झालं तर फेऱ्या बंद." सिस्टर जिन्यात बसून रडल्या. मी त्यांच्या मांडीवरच होतो. मला किती मेल्याहून मेल्यासारखे झाले, काय सांगू!

तळघरातल्या खोलीत दुरुस्तीच्या ताई बसत. चाळीसही लॅपटॉप त्यांच्या जिवावर चालत. त्यांनी मला तीनदा कोरे करून पुन्हा भरले होते. पण मी त्यांच्याकडे जायचो शुक्रवारी दुपारी. "इथं कसा अगदी शहाण्यासारखा वागतो," म्हणत त्या कपाळाला हात लावायच्या.

ताकीदपत्राचे कळल्यावर मात्र त्यांनी माझ्याकडे पाहायचे सोडून सिस्टरांना विचारायला सुरुवात केली. बंद पडणारे आम्ही एकूण अकरा जण निघालो. प्रत्येकाची वेळ लिहून घेतली, तर सगळ्यांची अकराच्या आसपास. आणि अकराही जण दूरच्या भागांत फिरणारे!

सोमवारी ताई स्वतः आमच्याबरोबर फेरीला आल्या. शिंप्याच्या घरी मला मांडीवर घेऊन स्टुलावर बसल्या. माझ्या आत कोण काय करते आहे, हे दाखवणारी खिडकी त्यांनी उघडून ठेवली होती.

"ताई, आता होईल बघा," सिस्टर म्हणाल्या.

आणि झालेच. अकराच्या ठोक्याला माझ्यातले दोन राखणदार प्रोग्रॅम रोजच्या तपासणीसाठी एकदम जागे झाले, एक नवा आणि एक जुना. दोघांनी एकच फाईल धरली, सोडायला कोणी तयार नाही आणि मधल्या मध्ये माझा श्वास कोंडला. जुन्याला काढून टाकायचा हुकूम सकाळी कार्यालयात असणाऱ्या लॅपटॉपनाच मिळत होता. शिवाय मला कोरे केल्यावर ज्या मूळ प्रतीतून भरले जाई, तिच्यातही तो जुना राखणदार होताच. ती प्रत ताईंनीच तयार केली होती.

ताईंचा चेहरा उतरला. "सिस्टर, चूक माझी आहे. बरा झाला म्हणून मी तीनदा तोच आजार तुमच्या हातात परत दिला."

 शिंप्याची बायको मध्येच म्हणाली, "मग तसं लिहून द्या. तोंडी कोण ऐकतं?"

ताईंनी त्याच दुपारी लिहून दिले, मुख्य बाईंसमोर उभे राहून वाचूनही दाखवले. त्यांना बोलणी खावी लागली. पण ताकीदपत्र मागे घेतले गेले, हुकूम कुठेही पोहोचेल अशी सोय झाली आणि आम्ही अकराही जण बरे झालो. दुसऱ्या दिवशी अकरा वाजताना सिस्टरांची बोटे माझ्यावर थांबली होती. सव्वाअकरा झाले. मी चालूच होतो. "चला, साखर सांगा," त्या म्हणाल्या. 

आता माझी बॅटरी तासभरही टिकत नाही. नव्या सिस्टर माझ्यावर लिहायचा सराव करतात. कोणी कळा आपटते, कोणी गरम कप पाठीवर ठेवते. तेवढे करू नका, एवढेच मागणे होते, पण आणखी एक मागतो. मित्रांनो, बंद पडलेल्या यंत्राला बोलता येत नाही आणि ज्याच्यावर ठपका येतो त्याचे कोणी ऐकून घेत नाही. तुम्ही दोघांच्याही शेजारी एक सकाळ बसून पाहा.