लिफ्टमधले ओरखडे

लिफ्टच्या ॲल्युमिनियमच्या भिंतीवर, बरोबर डोळ्यांसमोर येईल असं, कोणीतरी किल्लीने कोरून ठेवलं होतं: ‘५०३ वाली’, आणि पुढे तिचा रेट. खाली चित्र. काढणाऱ्याला चित्रकलेचा गंध नव्हता, पण घाण मात्र हुबेहूब जमली होती.

पॉलिशवाल्याने चष्मा चढवला, अक्षरांवरून बोट फिरवलं आणि त्याला शिसारी आली. हे एकट्याचं काम नव्हतं. एकाच्याच किल्लीचे ओरखडे असते तर बारीक पॉलिश पेपरने चुटकीसरशी गेले असते. इथे एकाने लिहिलं होतं आणि मागून येणाऱ्यांनी त्याच अक्षरांवर आपापल्या किल्ल्या फिरवून ती पार खोल केली होती. कुठे चर जाड, कुठे बारीक, एका ठिकाणी तर स्क्रूड्रायव्हर. कामावरून घरी येता येता, भाजीची पिशवी सांभाळत. मेली सभ्य माणसं!

“जाड दाण्याचा कागद लावावा लागेल,” बाहेर उभ्या असलेल्या सेक्रेटरीला तो म्हणाला. “आणि घासायची तर सगळी भिंत. नाहीतर तेवढाच तुकडा चमकेल आणि लोक विचारतील, इथे काय होतं?”

“लोकांना तोंडपाठ आहे हो!” सेक्रेटरी दात कोरत म्हणाला. “इतके महिने काही अडलं नव्हतं. पण उद्या माझे व्याही यायचेत. त्यांना काय हे दाखवू?”

वॉचमनने आत डोकं खुपसलं. “चित्र तेवढं राहू द्या, काका. आमची करमणूक जाईल.”

दोघे फिदीफिदी हसले. गिऱ्हाईक हसलं की आपणही हसायचं, ही पॉलिशवाल्याची जुनी सवय. त्यात आज त्याची जीभही सुटली.

“एवढी वर्दळ म्हटल्यावर लिफ्ट झिजणारच,” तो म्हणाला. “मी बापडा कुठवर घासू?”

सेक्रेटरीला हसता हसता ठसका लागला. विनोद जमला म्हणून पॉलिशवाला खुशीत मशीन उचलून वळला.

दारात त्याची भाची उभी होती. एका हातात दुधाची पिशवी, दुसऱ्या हातात किल्ली. किल्लीच्या बिल्ल्यावरचा आकडा त्याने वाचला.

नवऱ्याला सोडल्यापासून सगळ्या गोतावळ्याने तिला वाळीत टाकलं होतं. सख्खी आई फोन उचलत नव्हती. मन मोकळं करायला तिला एकटा मामा उरला होता. ‘नवं घर नीट लावून झालं की पहिल्यांदा तुलाच बोलावीन,’ असं ती कित्येक महिने फोनवर म्हणत होती.

भिंतीवरच्या घाणीपेक्षा त्याला स्वतःच्या तोंडाची किळस आली.

“अगं, तू इथे राहतेस हे मला ठाऊक नव्हतं गं...”

“दुसरी कोणी असती तर?”

सेक्रेटरीला एकदम काहीतरी काम आठवलं. वॉचमन गेटकडे सटकला. तिने लिफ्टकडे पाहिलंही नाही, सरळ जिना धरला. पाच मजले चढायची तिला सवय झालेली दिसत होती.

मग त्याने घासलं. जाड कागद, मधला कागद, बारीक कागद, मग चकाकीसाठी बफचं कापडी चाक. नुसती ती भिंत नाही, तिन्ही भिंती घासल्या, कोणी सांगितलं नसताना. काळं पाणी कोपरापर्यंत ओघळलं, नाकातोंडात भुकटी गेली. अक्षरं गेली, चित्र गेलं. कोणाच्याही किल्लीची खूण राहिली नाही.

तसाच तो वर गेला आणि कोपराने बेल दाबली. दार बोटभर उघडलं.

“गेलं सगळं,” तो म्हणाला. “बघायला तरी चल. आणि हात फार बरबटलेत गं. आत येऊन धुऊ का?”

तिने त्याच्या हातांकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

“वॉचमनच्या खोलीत नळ आहे, मामा,” ती म्हणाली आणि तिने दार लावून घेतलं.