आतली कडी

आयुष्यभर लोकांची कुलपं दुरुस्त करणारे अप्पा न्हाणीघरात स्वतःच अडकले. विसरण्याच्या आजारात त्यांना कडी कशी काढायची तेच आठवेना. आतून ते दार बडवायला लागले, तसा मुलगा हातोडा घेऊन धावला. पण सुनेने नवऱ्याचा हात धरला.

“अप्पा,” ती दाराशी वाकून म्हणाली, “एक गिऱ्हाईक आत अडकलंय. काय सांगू त्याला?”

बडवणं थांबलं.

“दार आधी आपल्याकडे ओढ म्हणावं. मग कडी सरकव. जोर नको लावू.”

“जरा करून दाखवता?”

आतून दार ओढल्याचा आवाज आला. मग कडी खटकन सरकली. घामाघूम झालेले अप्पा बाहेर आले आणि मुलावर डाफरले, “चांगलं दार फोडायला निघालास?”