दिसावं म्हणून

"मावशी, संध्याकाळच्या शोकसभेत चार शब्द बोला. पण गोड बोला. जुनं उकरून काढू नका," गल्लीचे अध्यक्ष खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाले. गालांवर साबण, गळ्याभोवती कापड.

"जुनं? पोरीला जाऊन आठवडा नाही झाला."

मावशीच्या हातात वस्तरा होता, म्हणून अध्यक्षांनी मान हलवली नाही. "पेपरवाले येणार आहेत हो. आम्हाला काहीच माहीत नव्हतं, एवढं म्हटलं की झालं. तुम्हालाही धंदा इथंच करायचाय ना?"

धमकीही अशी, साबण लावून. मावशीनं दाढी उरकली. एक ओरखडाही उठू दिला नाही.

भिंगरी सात वर्षांची. पायाला चाकं लावल्यासारखी पळायची, म्हणून गल्लीनंच हे नाव ठेवलेलं. बाप बँकेत, बोलायला लोणी, घरात राक्षस. दोन महिन्यांपूर्वी आई तिला दुकानात घेऊन आली. "कानावरचे केस लांबच ठेवा," म्हणाली. मावशीनं केस उचलून पाहिले. कानामागे काळंनिळं, त्याखाली जुने व्रण.

"पडली," आई म्हणाली. तिच्या स्वतःच्या बाह्या मनगटापर्यंत ओढलेल्या.

टक्कल, टाके, चामखीळ झाकावी तर मावशीनंच. त्या दिवशी मात्र ती पोरीच्या कानाशी वाकली. "बारीक कापू, राणी?" भिंगरीनं आरशातूनच मान हलवली. मावशीनं कात्री चालवली. शाळेत दिसावं, गल्लीत दिसावं, कुणाच्या तरी पोटात कालवावं म्हणून. मग दुकान बंद करून ती पोलीस चौकीत गेली. "घरगुती मामला आहे, बाई," एवढं ऐकून परतली.

गल्लीनं पाहिलं. डोळे भरून पाहिलं. आणि म्हणाली काय? "मावशीला चष्मा लागला वाटतं!" "पोरीचं पार ध्यान करून टाकलं!" निम्मी गिऱ्हाइकं दुसऱ्या दुकानात गेली. त्या घराचं दार कुणी वाजवलं नाही. आता बाप कोठडीत होता, आणि गल्ली मेणबत्त्या विकत आणत होती.

संध्याकाळी चौक भरला. अध्यक्षांनी माईक देताना हळूच बजावलं, "गोड."

"मला गोड बोलता येत नाही," मावशीचा आवाज कानशीवर घासल्यासारखा खरखरला. "तिचे केस मी कापले. तुम्हाला दिसावं म्हणून कापले. तुम्हाला दिसलं. तुम्ही माझ्या कात्रीला हसलात. आता माहीत नव्हतं म्हणू नका. त्या कापण्यापायी त्यानं तिला जास्त मारलं असेल, तर ते माझ्या माथी. मी कोर्टात तेही सांगणार आहे. तुमचं तुम्ही बघा."

अध्यक्ष माईककडे झेपावले. तिनं हात मागे घेतला.

एकेक मान खाली गेली. समोर नुसती डोकी उरली. कुणाचा भोवरा कुठं, कुणाची खोक कुठं, हे मावशीला पाठ होतं. त्यातलं एकच डोकं वर झालं. भिंगरीच्या भिंतीला भिंत लागलेली शेजारीण.

"ये," मावशी म्हणाली.

"मावशी, मला नाही जमायचं गं."

"मला तरी कुठं जमतंय?"

शेजारीण गर्दीतून वाट काढत आली. तिनं माईक दोन्ही हातांनी धरला. कर्ण्यातून चौकभर बराच वेळ तिचा नुसता श्वास ऐकू येत राहिला. मावशी तिच्या पाठीवर हात ठेवून उभी होती.

"रोज ऐकू यायचं," शेजारीण म्हणाली.