रविवारची ताटं

किनवटचं मुलींचं वसतिगृह बंद करायचं पत्र आलं, त्यात आकडा होता सव्वीस. नियम असा की जंगलातल्या किंवा ऊसतोडीला जाणाऱ्या गावांच्या मुली मिळून शंभर तरी भरल्या पाहिजेत. नाही भरल्या तर कुलूप.

ज्योत्स्ना याच वसतिगृहाची भाकरी खाऊन शिकलेली, आता तालुक्याच्या कार्यालयात संगणकावर बसायची. तिनं एक्सेलची फाइल उघडली आणि कपाळावर हात मारला. कुण्या शहाण्यानं दोन्ही अटी एकाच सूत्रात कोंबल्या होत्या. त्यामुळं जे गाव जंगलातलंही आणि ऊसतोडीचंही, तेवढ्याच गावांच्या मुली मोजल्या होत्या. बाकीच्या जणू जन्मल्याच नव्हत्या.

तिनं दोन वेगळ्या बेरजा मांडल्या. जंगलातल्या गावांच्या एकाहत्तर, ऊसतोडीच्या अठ्ठावन्न. मिळून एकशे एकोणतीस! आकडा लगोलग वर पाठवला आणि आनंदाच्या भरात सगळ्या कार्यालयाला चहा पाजला.

आठवड्यानं लातूरहून रामलिंग साहेब तपासणीला आले.

"या सात गावांच्या पोरी दोनदा धरल्यात, मॅडम. जंगलात एकदा, उसात एकदा."

ज्योत्स्नाचं तोंड उतरलं. पत्रातल्या त्या सव्वीस मुली दोन्हीकडं होत्या.

"सव्वीस वजा करा साहेब. एकशे तीन राहतात. शंभराच्या वरच हाय की!"

"आधी सव्वीस, मग एकशे एकोणतीस, आता एकशे तीन. बाजार भरवलाय का? आकडे फुगवले म्हणून शेरा मारतो. पहिलाच आकडा कायम."

कमी मोजणाऱ्याला कुणी चकार शब्दानं विचारलं नाही. पोरी गायब केल्या तर ती चूक, दोनदा धरल्या तर चोरी! हात दाखवून अवलक्षण केलं आपण, या विचारानं ज्योत्स्नाला साहेबापेक्षा स्वतःचाच संताप आला.

वसतिगृहात स्वयंपाकीण सरजाबाई भांडी पोत्यात भरत होती. ज्योत्स्नानं रडत रडत तिला सगळं सांगितलं.

"एकशे तीनच हाईत की," सरजाबाई म्हणाली.

"तुला कसं ठाऊक, मावशी?"

"रविवारी बाकीच्या पोरी घरी जातात. मागं राहतात कोन? जिच्या जंगलातल्या गावाला येष्टी न्हाई ती, न्हाईतर मायबाप उसाला गेले म्हनून जिच्या घराला कुलूप हाय ती. येखादी दोन्हीतली असली म्हनून तिला काय दोन ताटं लागतात? दर रविवारी एकशे तीन ताटं मांडून राहिले मी."

"मग बोलली का न्हाईस?"

"इचारलं कुणी?"

सरजाबाईनं पोत्याचं तोंड बांधलं. फाटकाशी उसाच्या फडावर जाणारा टेम्पो उभा होता, आणि मुली आपापल्या पेट्या घेऊन त्यात चढत होत्या.