तिसऱ्या बेसला पाय

त्या मोसमात दीक्षा ओव्हाळचं कोणी अभिनंदन केलं की तिचं डोकं उठायचं. "वा मॅडम, पोरी काय धुतात हो तुमच्या!" धुतात, धुणारच, दोन वर्षं घसा फोडून शिकवलंय. पण धुतलेला चेंडू परत आणायचा कोणी? बेसबॉलमध्ये चेंडू कुंपणापार गेला की होमरन. मारणारीने चारही बेसना पाय लावत आरामात एक फेरी मारायची, तिला कोणी अडवत नाही. सगळ्या जगात ही कौतुकाची गोष्ट असते. कर्वेनगरातल्या या मैदानावर मात्र कुंपणापार इंदुबाई राहायच्या.

इंदुबाई पोस्टातून निवृत्त झालेल्या आणि शेजारच्या सोसायटीच्या अध्यक्षा. आवारात पडलेला चेंडू त्यांच्या ताब्यात जायचा आणि त्यांचा नियम ठरलेला होता. ज्या मुलीने मारला तिनेच यायचं, लगेच यायचं, ऐकून घ्यायचं आणि मग चेंडू न्यायचा. दीक्षा एकदा स्वतः गेली होती.

"आपण मारलात का?" इंदुबाईंनी जाळीच्या दारातूनच विचारलं.

"नाही, मी त्यांची कोच."

"मग आपलं काम नाही. या आता."

संघाकडे चेंडू मोजकेच. त्यामुळे पोरींना सवय लागली ती लागलीच. सगळ्यात जास्त श्रद्धाला, कारण सगळ्यात जास्त मारायची तीच. धायरीची पोर, मनगटात नुसती आग. सरावात चेंडू कुंपणापार गेला रे गेला की ही दोन बेस पळायची आणि तिसऱ्याच्या मागच्या फाटकातून थेट सोसायटीत.

"अगं बाई, आधी फेरी पुरी कर, मग जा तिकडे!" दीक्षा ओरडायची.

"म्याडम, बाई दार लावत्यात. मग उद्याच्याला चेंडू कुठनं आणायचा?"

कप्पाळ! सामन्यांच्या वेळी मग दीक्षा स्वतः तिसऱ्या बेसजवळ उभी राहायची आणि श्रद्धा आली की "पाय! पाय!" करून कोकलायची. असं करत करत गाडं शेवटच्या सामन्यापर्यंत आलं. जिल्हा लीगमधला एका मोसमाचा विक्रम तेवीस होमरनचा होता आणि दीक्षाच्या पोरींचेही तेवीस झाले होते. एक हवा होता.

आणि तो हवाच होता, कारण मैदान जाणार होतं. मैदान ज्या संस्थेचं, तिचे सचिव हिंमतराव यांना तिथे पार्किंग करायचं होतं. दीक्षाने त्यांच्या केबिनचे उंबरे झिजवले, तेव्हा कुठे ते म्हणाले होते, "विक्रम करा, पेपरात संस्थेचं नाव येऊ द्या. मग मी कमिटीसमोर बोलतो. नाही झाला तर माझ्याकडे येऊ नका." हातात खेळ नाही, जमीन नाही, फक्त श्रद्धाचं मनगट. एवढ्यावर वीस पोरींचं मैदान लटकलेलं.

शेवटचा डाव, समोर येरवड्याचा संघ, श्रद्धा बॅट घेऊन उभी. आणि नेमके तेव्हाच मंडपातल्या सोफ्यावरून हिंमतरावांनी हाक मारली.

"मॅडम, इकडे या. हे चाललंय काय, ते जरा समजावून सांगा. मला यातलं काही कळत नाही."

"साहेब, दोन मिनिटं. मला तिसऱ्या बेसला थांबायचंय."

"अहो, खेळणार त्या. तुम्ही थोड्याच खेळणार आहात? बसा."

ज्याच्या हातात मैदान, त्याला नाही कसं म्हणायचं? दीक्षा मनातल्या मनात चरफडत सोफ्याच्या कडेला टेकली. बेस म्हणजे काय, एवढं सांगून होतंय तोवर खाडकन आवाज आला. चेंडू उंच गेला, कुंपणापार, थेट सोसायटीच्या आवारात. पोरी नाचायला लागल्या. हिंमतराव उठून टाळ्या पिटायला लागले, "झाला ना? झाला ना विक्रम?"

दीक्षा मात्र श्रद्धाकडे बघत होती. पहिला बेस. दुसरा बेस. आणि मग ती कार्टी तिसऱ्याच्या हातभर बाजूने सुसाट फाटकाबाहेर पळाली.

दीक्षा सोफ्यावरून उठलीच. पण पंच गप्प होते. नियमच तसा होता, बेस चुकला तर समोरच्या संघाने दाद मागायची, पंच आपणहून बोलत नाहीत. आणि येरवड्याचे कोच संतोष खाली मान घालून बुटाची नाडी बांधत होते. त्यांच्या एकाही पोरीने पाहिलं नव्हतं. श्रद्धा परत येऊन तिसऱ्याला पाय लावेपर्यंत एवढे लोक असेच गप्प राहिले तर!

तेवढ्यात सोसायटीच्या गॅलरीतून खणखणीत आवाज आला.

"अहो पंच, तिसऱ्याला पाय लागलेला नाही! मी बघत होते!"

इंदुबाई. वर्षभर शिव्या घालत का होईना, बाईंनी सगळा खेळ पाहिला होता, आणि चूक दिसल्यावर गप्प बसणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

संतोषनी नाडी तशीच टाकली आणि दाद मागितली. श्रद्धा बाद. होमरन नाही, दोन बेसचा फटका म्हणून नोंद. हिंमतरावांनी सगळं नीट समजावून घेतलं. आज पहिल्यांदाच त्यांना खेळ कळला. "अरेरे," ते म्हणाले, "थोडक्यात राहिलं," आणि ड्रायव्हरला गाडी काढायला सांगितली.

संध्याकाळी दीक्षा सोसायटीत गेली. भांडायलाच गेली होती. दार उघडलं गेलं, या खेपेला जाळीचंही.

"मैदान गेलं," दीक्षा म्हणाली. "विक्रम झाला असता तर राहिलं असतं. तुमच्या एका वाक्याने गेलं."

इंदुबाई दारातून बाजूला झाल्या. "हे मला आधी सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर गप्प बसला असता तुम्ही?"

"छे. चूक ती चूक." मग त्यांचा आवाज उतरला. "पण त्या पोरीला म्हटलं असतं, आधी पळून ये बाई. चेंडू कुठे जातोय? मी दार उघडं ठेवते."

दीक्षाला एवढं भांडायचं होतं, पण आता तिला नुसतं रडू यायला लागलं.