ऑगस्टातलं हिम

रोवेनाला आपलंच डोकं फिरलंय की काय असं वाटायला लागलं होतं. संध्याकाळी पॉलिहाऊसच्या दोन्ही बाजूंचे पडदे तिनं स्वतः हँडल फिरवून वर गुंडाळावेत, आणि सकाळी पाहावं तर मेले खाली! वारा नाही, वादळ नाही. शेजाऱ्याचा खोडसाळपणा म्हणावा, तर या खोऱ्यात शेजारी म्हणजे पलीकडच्या टेकडीवरच्या चार गाई.

आत हेम्प होतं. भांगेची सोज्वळ बहीण. नशा नाही, पण तेलाला मागणी. अमेरिकेतल्या केंटकीत तंबाखूचे दिवस सरले तेव्हा रोवेनाच्या नवऱ्यानं हे पॉलिहाऊस उभारलं, आणि पुढच्याच वर्षी तो गेला. मागे उरली ती आणि तिचा म्हातारा सासरा क्लेटस, ज्याचा सगळा जन्म तंबाखूत गेला. ती त्यांना पॉप म्हणायची.

नणंद लेनोरा शहरात राहायची. तिचा फोन आला होता. "डॅडीचं डोकं भरकटतंय असं वाटलं ना, तर मी त्याला सरळ इथल्या वृद्धाश्रमात आणणार. रविवारी येऊन बघतेच."

"पॉप ठणठणीत आहेत," रोवेनानं ठणकावलं. ठणकावलं खरं, पण फोन ठेवल्यावर मनात आलंच. पॉप तिकडे गेले तर जेवायच्या टेबलावर समोर बसणार कोण?

त्यात ही भुरी, पानांवर पांढरी पूड धरणारी बुरशी. ती आली होती की नव्हती, इथंच तर सगळा घोळ! हेम्पच्या फुलांवर राळेचे पांढरे कण चमकतात, ते चांगले. रस्त्यावरून ट्रक गेला की चुनखडीची पांढरी धूळ बसते, तिचं काही नाही. कृषी खात्याचा माणूस म्हणाला, खालच्या पानांवर भुरी आहे, खायचा सोडा पाण्यात घालून फवारा. फवारला, तर तोही वाळून पांढरा! आता राळ कुठली, धूळ कुठली, सोडा कुठला आणि भुरी कुठली? रोवेना चष्मा वर करून बघायची, खाली करून बघायची, बोटानं पान पुसायची. बोट आपलं पांढरंच.

"तंबाखूची अक्कल इथं चालवू नका, बाई," तो माणूस म्हणाला होता. "तंबाखूवरचा रोग ओल्या पानांवर यायचा. या अवदसेला कोरडं पानही चालतं. हवा कोंडली की हिची चंगळ. रात्री पडदे वर हवेत."

"वरच असतात हो!"

"मग सकाळी खाली कसे?"

रोवेनानं कपाळावर हात मारला.

रविवारी लेनोरा आली. घेवडा आणि मक्याचा पाव खाताना पॉप अगदी रंगात होते. "लेनोरा, तुझी खुर्ची तुझ्यासारखीच कुरकुरतेय गं," म्हणाले, तशी लेनोरासुद्धा हसली. रोवेनाचा जीव भांड्यात पडला.

ऊन उतरल्यावर पॉप पाय मोकळे करायला म्हणून गेले. भांडी आवरून रोवेना पॉलिहाऊसकडे वळली आणि जागच्या जागी थबकली. पॉप घामाघूम होऊन हँडल फिरवत होते. एक पडदा खाली आला होता.

"पॉप! हे काय करताय?"

"पानं बघ, पोरी. पांढरी फटक. हिम पडलंय. रात्रीतून रोपं जातील. मेबेलला हाक मार, कापडाचं दुसरं टोक धरू दे."

मेबेल म्हणजे सासूबाई. त्यांना जाऊनही बरीच वर्षं झाली होती. त्या होत्या तेव्हा तंबाखूच्या रोपवाटिकेवर गारठ्याच्या रात्री दोघं मिळून पांढरं कापड ओढायची. रोवेनाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पॉप पडदे पाडायचे म्हणून भुरी वाढायची, आणि भुरी वाढली की त्यांना आणखी हिम दिसायचं. आपलं डोकं शाबूत आहे, हे कळून एवढं वाईट वाटेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

मागून पावलं वाजली. रोवेनानं झटकन पॉपच्या हातातलं हँडल आपल्या हातात घेतलं.

"अगं, पडदा कोणी पाडला?" लेनोरा आली होती. "दुपारपासून रडतेस ना, रोज कोण पाडतं म्हणून?"

"मीच," रोवेना म्हणाली. "मीच पाडते. थंडी पडेल असं वाटतं."

"ऑगस्टात? घाम पुसतेयस आणि थंडी? अर्धं पीक घालवलंस! रोवेना, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? डॅडीला सांभाळतेस की डॅडी तुला?"

अर्धी झाडं उद्या उपटून जाळावी लागणार, हे रोवेनाला दिसतच होतं.

पॉप पुढे आले आणि त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"तिला बोलू नकोस, लेनोरा," ते म्हणाले. "पोरगी हिमाला घाबरते. मी आहे ना इथं, तिच्याकडे बघायला."